महादेवीचं टॉरिन

माझी लेक महादेवी पळायच्या सरावात सोळाव्या किलोमीटरला खाली बसली, तेव्हा मी घरी लिंगपूजेत होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान, आणि दारात सायकलची घंटी वाजली. माझे धाकटे दीर बसवराज तिला कॅरिअरवर बसवून घेऊन आले होते. पूजा अर्धी टाकून उठायचं नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. मंत्र पुरा केला, तीर्थ घेतलं, लिंग गळ्यात बांधलं आणि मगच ओसरीवर आले.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे पडलेले, पोटऱ्या आपोआप उडत होत्या.

"अव्वा, पायच बंद पडले," ती म्हणाली. "सोळापतुर वाऱ्यासारखी आले. मग पाय माझे राहिलेच न्हायत."

"फाट्यावरच्या हॉटेलातनं गिलासभर पाणी आणून दिलं," बसवराज म्हणाले. "पण घेतंय कोण! म्हणती, पूजा झाली न्हाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला लेकीचा अभिमान वाटला. असं व्रत या वयात कोण पाळतं! मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंघोळीच्या पाण्याचा तांब्या आणायला आत गेले.

ते सत्त्याऐंशी साल. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेलेला. आमचं गाव जळकोटपासून सहा किलोमीटर आत. विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लागलेल्या, माणशी दोन घागरी. गावच्या दूध सोसायटीचं दूध इतकं आटलं होतं की, गाडीवाल्यानं आत यायचं बंद केलं. सहा वाजायच्या आत दूध हमरस्त्यावर पोचलं तर गाडी घेणार, नाहीतर ते नासणार. बसवराज सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या सायकलीवर दोन किटल्या मावायच्या. तिसरी महादेवी न्यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दहा लिटरची किटली, आणि पळत. दूध हिंदकळू न देता पळायचं म्हणजे कंबरेखालचं अंग पळतं आणि वरचं अंग देवळातल्या समईसारखं स्थिर राहतं. दोन वर्षं ती रोज अशी पळत होती.

हायस्कूलच्या आण्णासाहेब सरांनी तिला एकदा रस्त्यावर पाहिलं. खेळाचे मास्तर ते, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनीच तिचं नाव कारखान्याच्या शर्यतीत घातलं. सहकारी साखर कारखान्याच्या वर्धापनदिनी मुलींची एकवीस किलोमीटरची शर्यत होती. जळकोटहून नळदुर्गच्या दिशेनं निम्मं जायचं आणि वळून परत यायचं. पहिली येईल तिला पुण्याच्या शिबिरात दोन वर्षं राहणं, जेवण, शिकवणी आणि कॉलेजात जागा. दुसरीला काही नाही. महादेवी बारावीत होती. पुढं शिकायचं तर हाच एक रस्ता आहे, हे तिला माहीत होतं आणि मलाही. शर्यतीला वीस दिवस राहिले होते.

महादेवी खाली बसली त्याच दिवशी संध्याकाळी आण्णासाहेब घरी आले. चहा घेतला नाही, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले. "पोरीच्या पायात दोष न्हाय. दोष ताटात आहे."

"ताटात काय दोष?" आमच्या यजमानांनी विचारलं. त्यांचं नाव शरणबसप्पा, पण घरीदारी सगळे अप्पाच म्हणतात.

"टॉरिन म्हणून एक पदार्थ असतो, अप्पा. पतियाळ्याच्या शिबिरात आम्हाला शिकवलंय. स्नायूत असतो, काळजात असतो. माणूस लांब पळायला लागला की स्नायूतनं तो झिरपून जातो. मासळीत मिळतो, मटणात मिळतो. भाकरीत न्हाय, डाळीत न्हाय, आणि वहिनींच्या शेंगदाण्याच्या चटणीत तर मुळीच न्हाय. सोलापूरच्या पोरी सुकट खाऊन येतात. तुमची पोरगी सोळा किलोमीटर पुण्याईवर पळली. उरलेले पाच कशावर पळणार?"

अप्पा विचारात पडले. मग म्हणाले, "सर, बैल तर गवतच खातो. त्याच्यात कुठनं येतं हे?"

"बैल एकवीस किलोमीटर पळत न्हाय, अप्पा!"

"तुमी आमचा पोळ्याचा बैल पाहिला न्हाय."

सर हसले, पण खिशातून एक लहान तपकिरी बाटली काढून त्यांनी पाटावर ठेवली. नळदुर्गच्या त्यांच्या दोस्ताचा भाऊ दुबईहून घेऊन आला होता. "यात टॉरिन आहे. शर्यतीच्या दिवशी सकाळी द्या. मटण खाऊ घाला म्हणत न्हाय मी. एवढं तरी करा."

सर गेले. बाटली पाटावर तशीच. महादेवी एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

"अव्वा, पिऊ का?"

"कशापासून केलंय कुणास ठाऊक. मासळीचं असलं तर?"

"असू दे की."

"न्हाय महादेवी. आपल्या घरात ते चालायचं न्हाय."

मी काही मोठ्यानं बोलत नाही. घरात कुणी मला कधी ओरडताना ऐकलेलं नाही. पण त्या दिवशी लेकच उसळली.

"तुझा नेम तुझ्यापाशी ठेव की! माझ्या पायात का बांधलास? म्या हरले तर पुण्याला जायचं माझं ऱ्हाईल, तुझं न्हाय. जन्मभर किटल्याच वाहते मग. तुझं व्रत मात्र मोडायला नको!"

अप्पा म्हणाले, "ए, आईशी बोलतीयास." मी त्यांना हातानंच थांबवलं. ती खोटं कुठं बोलत होती? बाटली पदरात बांधली आणि ठरवलं, उद्या जळकोटच्या सरकारी दवाखान्यात जायचं.

तिथं डॉक्टरीण होत्या कमलबाई, तेरच्या कोंडीराम मास्तरांची लेक. वय तिशीच्या आतबाहेर. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती. त्यांचं घराणं छप्पन्न साली धम्मात गेलेलं. आमच्या गावातल्या काही बाया म्हणायच्या की त्या उपासतापासाला हसतात. मला तरी त्या कधी हसल्या नाहीत. मी महादेवीला पुढं केलं आणि बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"मावशी, हे टॉरिनच आहे," लेबल वाचून त्या म्हणाल्या. "सोबत साखर आणि चहात असतं तसं उत्तेजक."

"मासळीचं हाय का?"

"नाही. आता कारखान्यात रसायनांपासून करतात. पण शोध लागला तो बैलाच्या पित्तात, दीडशे वर्षांपूर्वी. नावही बैलावरूनच पडलंय."

मी नकळत हात जोडले. आमच्याकडं बैल म्हणजे नंदी, खुद्द बसवण्णा. "गवत खाऊन?" मी विचारलं.

"गवत खाऊनच. तो अंगात तयार करतो. आपणही करतो, थोडं थोडं, यकृतात. डाळी, दूध, तीळ, शेंगा यांतनं जे मिळतं, त्यापासून. मासळी खाणाऱ्याला आयतं जास्त मिळतं, हे सरांचं खरं. न खाणाऱ्याचं अंग आपलं आपण रांधून घेतं, आणि आहे ते जपून वापरतं, लघवीतनं फारसं जाऊ देत नाही."

"आमच्या पाण्यावानी," महादेवी पुटपुटली.

"अगदी तसंच. आणि मावशी, हिला पहिलं टॉरिन कुठनं मिळालं, माहीत आहे? तुमच्या अंगावरच्या दुधातनं. आईच्या दुधात ते असतंच."

महादेवीनं मान खाली घातली. कालचं बोलणं तिला आठवलं असावं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पोर ओशाळली की तिला एकटं सोडावं.

"ते करतं काय, डॉक्टरीणबाई?" मी विचारलं.

"भाकरीसारखं बळ देत नाही. स्नायू आवळतो आणि सैल होतो ना, त्या कामात मदत करतं. काळजाचंही तसंच. पेशीतलं पाणी आणि क्षार जागेवर ठेवायला हातभार लावतं. लांब पळताना स्नायूतलं थोडं रक्तात उतरतं, हेही खरं. पण वरनं बाटली प्यायली म्हणून पोरगी जिंकेल का? ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. मी खोटं कशाला सांगू?"

मग त्यांनी महादेवीच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी सावकाश खाली बसली. त्यांनी पुन्हा तसंच केलं. जीभ पाहिली.

"सकाळी पळायला निघतेस तेव्हा पाणी किती पितेस?"

मीच सांगितलं, आणि थोडं मिरवतच सांगितलं, "आमच्या घरात पूजेआधी पाण्याचा थेंब घशाखाली जात न्हाय. हिनं तर दहाव्या वर्षापासून नेम धरलाय."

"आणि पूजा किती वाजता?"

"अंघोळीनंतर. दूध पोचवून परत यायचं, मग विहिरीवर पाळी लागती, मग अंघोळ. नऊ वाजतात."

"रात्रीचं शेवटचं पाणी?"

"जेवताना. आठला."

कमलबाईंनी टेबलावर बोटानं आठपासून नऊपर्यंत तास मोजले. मीही त्यांच्याबरोबर मोजले. तेरा तास. तेरा तास कोरडी, आणि त्यातच माझी लेक डोक्यावर दहा लिटर दूध घेऊन पळत होती. एकवीस किलोमीटरचा सरावही तसाच केला, आणि सोळाला पाय बंद पडले तेव्हा कुणी पुढं केलेलं पाणीही घेतलं नाही. आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

"मावशी, तुमच्या देवाला मी काही म्हणत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण टॉरिन असो नाहीतर आणखी काही, ते काम करतं पाण्यात. पाणीच नसेल तर अंगात आहे तेही वाया. बाटली इथंच राहू द्या. शर्यतीच्या दिवशी पोटाला नवी वस्तू दाखवू नये."

परत सहा किलोमीटर चालताना माझ्या सासूबाई खुरपायला जायच्या तेव्हा बांधावरच पूजा करायच्या, हे मला आठवत होतं. अंघोळीला पाणी नसेल तर अंगाला भस्म लावायचं. भस्माचं स्नान पाण्याच्या स्नानाहून उणं नाही, असं त्या म्हणायच्या. लिंग तर गळ्यातच असतं. त्याला घर लागत नाही, विहीर लागत नाही, नऊ वाजायची वाट बघावी लागत नाही. मग वाट कोण बघत होतं? मीच. सवयीला मी नेम म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही मायलेकी पहाटे चारला उठू लागलो. हातपाय पुसायचे, कपाळाला, दंडाला, छातीला भस्म लावायचं, शेजारी शेजारी बसून पूजा करायची. मग तीर्थ, आणि तीर्थावर दोन भांडी पाणी. पहिल्या दिवशी ते पाणी पिताना महादेवी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी माझं भांडं आधी रिकामं केलं.

"पी," म्हटलं. "देवपूजा झालीय."

पाण्यामागून हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पिठाला गूळ-मीठ घालून पातळ शिजवायचं. आमच्या भागात पूर्वी माणसं माडग्यावर बैलासारखी राबायची. तुरीचं घट्ट वरण, तिळाची चटणी, आणि रात्री एक पेला दूध. या दुधावरून पहिल्याच दिवशी बोलणं झालं, कारण घरचं सगळं दूध सोसायटीला जायचं.

"वहिनी, आज तुमचं माप कमी भरलं," बसवराज म्हणाले.

"व्हय. लेकीच्या पोटात गेलं."

"सेक्रेटरीच्या घरचंच दूध कमी! लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. म्हणावं, म्हैस नव्हं, पोरगी वाढवतोय."

बसवराजांच्या वहीत त्या दिवसापासून काय लिहिलं जायचं ते मी विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात सोसायटीतल्या जाईबाईनं आपल्या म्हशीचा एक पेला वेगळा काढून आणला. "माझ्याबी वाटणीचं पळ गं पोरी," म्हणाली.

शर्यतीच्या सात दिवस आधी महादेवीनं पुन्हा एकवीस किलोमीटर काढले. लिंबाच्या झाडापाशी, जिथं ती बसली होती, तिथं मी तांब्या घेऊन उभी. थांबली नाही, पाणी घेतलं, गेली. आण्णासाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पोचली खरी. पण सोलापूरची जी पोरगी यायचीय, तिची गेल्या शर्यतीची वेळ हिच्यापेक्षा तीन मिनिटं कमी आहे, वहिनी. बाटली कुठाय?"

"दवाखान्यात ठेवलीय. डॉक्टरीणबाईंपाशी."

सरांनी कपाळाला हात लावला.

शर्यतीच्या दिवशी फाल्गुनाचं ऊन सातलाच चढलं होतं. एकतीस पोरी. सोलापूरच्या मुलीच्या पायात लाल बूट, आमच्या महादेवीचे कापडी, अंगठ्यापाशी कापून सैल केलेले. कारखान्यानं पाणी ठेवलं होतं ते वळणावर, एकाच ठिकाणी. पण जाईबाईनं सोसायटीच्या बायांना आधीच सांगून ठेवलेलं. दर अडीच-तीन किलोमीटरला आमची एकेक बाई आपल्या वाटणीच्या घागरीतला एक तांब्या घेऊन उभी होती. गूळ-मिठाचं पाणी. त्या दिवसांत एक तांब्या पाणी म्हणजे काय, हे ज्यानं ते दिवस काढले त्यालाच कळेल. आणि त्या बाया नुसत्या महादेवीलाच नव्हे, मागेल त्या पोरीला पाणी देत होत्या. सोलापूरच्या मुलीनंही घेतलं म्हणे.

मी माझ्या लिंबाखाली. आधी मोटारसायकल आली, मागून लाल बूट. एकदम सरळ, झपझप. मग बराच वेळ रस्ता मोकळा. मी ओठातल्या ओठात पंचाक्षरी म्हणत होते, ती मध्येच विसरले. आणि मग चढावर महादेवी दिसली. वरचं अंग स्थिर, जणू डोक्यावर किटली आहे.

जवळ आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू आला. त्या दिवशी ओसरीवर होता तसाच होऊ घातलेला. ती वेग कमी करत होती. इथंच पाय बंद पडले होते, हे तिच्या पायांना आठवत होतं.

मी तांब्या पुढं केला. तिनं घेतला नाही, नुसती बघत राहिली, पाऊल जड पडत गेलं. थांबली असती. मग मला काय झालं ते मला ठाऊक नाही. मी पदर खोचला आणि तिच्या बाजूनं पळू लागले. हातात तांब्या, पायात काही नाही, वय बेचाळीस.

"पी," म्हटलं. "पळता पळता पी. म्या हाय संगट."

कारखान्याची जीप मागून येत होती. तीत आण्णासाहेब उभे. "वहिनी!" ते ओरडले. "तुमचंबी नाव लिहू का?"

महादेवीला हसू फुटलं. हसता हसताच तिनं तांब्या घेतला, चार घोट प्याली, उरलेलं मानेवर ओतलं. तांब्या माझ्या हातात परत आला तेव्हा ती माझ्या पुढं दहा पावलं होती. मग वीस. मग मी रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभी, आणि ती उतारावर सुटलेली.

दुधाची गाडी शीतकेंद्रावर दूध उतरवून रिकामी परतत होती. ड्रायव्हरनं मला पाहून ब्रेक मारला. "चढा मावशी, लेक निघाली म्होरं!" मी रिकाम्या कॅनांच्या मध्ये दांडा धरून उभी राहिले. अठराव्या किलोमीटरला लाल बूट आणि महादेवी यांच्यात एक मोठं शेत मावलं असतं. एकोणिसाव्याला एक अंगण. सोलापूरची पोरगी मागं वळून बघू लागली. पळणाऱ्यानं मागं बघितलं की तो खचला. आमचा ड्रायव्हर म्हणालाही, "झालं, हिचं काम झालं."

विसाव्याच्या पुढं त्या दोघी खांद्याला खांदा लावून पळत होत्या. जळकोटच्या स्टँडवर माणसं एस.टी.च्या टपावर चढली होती. ढोल वाजत होता. महादेवीनं मानसुद्धा वळवली नाही. तिचे पाय आधी लांब पडू लागले, मग भराभर, आणि वरचं अंग तसंच, एक थेंब सांडू नये असं. शेवटच्या शंभर पावलांत ती एकटी होती. फीत तिच्या छातीला लागली तेव्हा मी गाडीत उभी राहून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पण ड्रायव्हर नंतर गावभर सांगत होता की शांतम्माचा, म्हणजे माझा, आवाज आपण आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

अप्पांना तर कुणी आवरू शकेना. त्यांनी ढोलवाल्याचा ढोल घेतला आणि स्वतःच बडवू लागले. कमलबाई दवाखाना तसाच टाकून आल्या होत्या. त्यांनी महादेवीची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि तिला मिठी मारली. सोलापूरची मुलगी येऊन म्हणाली, "ते गुळाचं पाणी कुणी दिलं? लई गोड होतं." जाईबाईनं तिलाही जवळ घेतलं.

आण्णासाहेब अर्ज घेऊन आले. पुण्याच्या शिबिराचा. पालकाची सही हवी होती. मी अप्पांकडं पाहिलं. अप्पा घामाघूम, ढोल अजून गळ्यात. म्हणाले, "तूच कर." मी पहिल्यांदाच माझं पुरं नाव सरकारी कागदावर लिहिलं.

"वहिनी, आता खरं सांगा," सर म्हणाले. "सोळानंतर पोरगी पळली कशावर?"

"तिच्या स्वतःच्याच टॉरिनवर, सर."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि महादेवीच्या गळ्यात घातली. ती शिट्टी वाजवतच गावात शिरली.

चैत्रात तिला एस.टी.त बसवून दिलं. निघताना तिला एकच काळजी, "अव्वा, तिसरी किटली कोण नेणार?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा केली, दोन भांडी पाणी प्याले, चुंबळ ठेवली, किटली डोक्यावर घेतली. पळाले नाही, पण चालले असंही म्हणता येणार नाही. हमरस्त्यावर गाडी उभी होती. बसवराज घड्याळ बघत होते आणि जाईबाई कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसत होती.

"बघा की ओ सेक्रेटरी," ती म्हणाली. "लेक पुण्याला पोचती न पोचती तोवर आई सरावाला लागली!"